रघू, तुझं लॉगिन मी काढून टाकलं

रघू,

काल तुझी शोकसभा झाली. तू नव्हतास ते बरं झालं. असतास तर पहिल्या पाच मिनिटांत कॉफीच्या नावाखाली बाहेर सटकला असतास आणि मला एकटीला त्या लोखंडी खुर्चीवर बसवून ठेवलं असतंस, नेहमीसारखं.

आपला तोच हॉल, मेल वीधी रस्त्यावरचा. टेबलावर तुझा फोटो, तोही आधार कार्डावरचा मोठा केलेला. त्यात तू पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसतोस. एवढ्या माणसांत एकाकडेही तुझा धड फोटो नव्हता, आणि बोलताना मात्र सगळे तुझे जिवलग. सेक्रेटरी भीमराव उभे राहिले. अंगवस्त्र सावरलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "आमचा रघुनाथ म्हणजे कम्प्यूटरचा डॉक्टर. व्हायरस त्याला बघूनच पळून जायचे." लोकांनी माना डोलावल्या. बारा वर्षं ज्यांनी तुला 'तो वेबसाइटवाला' एवढ्याच नावानं ओळखलं, त्यांच्या त्या माना. तू गेल्यावर तीन दिवसांत तुझा 'आमचा रघुनाथ' झाला.

मग दोन ठराव. पहिला, समाजाच्या वेबसाइटवर तुझं एक पान करायचं, त्यावर वरून फुलं पडत राहतील असं. ती फुलं पाडणारं काहीतरी भीमरावांना कुठल्याशा साइटवर फुकट मिळालंय. फुकट! रघू, ऐकतोस ना? आणि दुसरा ठराव असा की साइटवरचं तुझं अ‍ॅडमिन लॉगिन कायम ठेवायचं. "त्याचं नाव तिथून कधीच निघणार नाही. हाच त्याला समाजानं दिलेला मान." टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या, भेकडासारख्या.

मेलेल्या माणसाचं लॉगिन. बारा वर्षांत ह्या लोकांनी तुझ्याकडून एवढी एकच गोष्ट शिकायची होती, आणि नेमकी तीच ह्यांच्या डोक्यावरून गेली.

तुला हे सगळं ठाऊक आहे. पण मला राग आला की मी मुळापासून सांगायला लागते, हेही तुला ठाऊक आहे. तर ऐक. आता कुठे जाणार आहेस उठून.

ती साइट तूच उभी केलीस. समाजाला हवी होती वरसंशोधनासाठी, गोत्रं आणि जन्मपत्रिका टाकायला. तू तेही केलंस, नाक मुरडत. पण त्याच्या आड तुझं खरं काम वेगळंच होतं. तिरुवैयारु, पापनाशम, ओरत्तनाडु, जिथे म्हणून आपल्यातली म्हातारी माणसं उरली होती तिथे बसनं जायचं, समोर फोन ठेवायचा आणि त्यांना बोलतं करायचं. आपलं बोलणं. जे महाराष्ट्रातल्या माणसाला ऐकवलं की तो आधी हसतो आणि मग म्हणतो, "हे मराठी आहे?" मी नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात चौदा वर्षं काढली, ते हसणं मी पोटभर ऐकलंय. तू त्रेचाळीस जणांना बोलतं केलंस. आणि नुसती रेकॉर्डिंगं नाहीत, त्यातला शब्दन् शब्द देवनागरीत उतरवून साइटवर चढवलास. फाइलींना नावंही देवनागरीत दिलीस.

देवनागरी! इथे, तमिळ मुलखात! आपल्या अख्ख्या समाजात ती धड वाचणारी माणसं दोन, एक तू आणि एक मी. तीसुद्धा सातारच्या काकूंच्या कृपेनं. काका त्यांना लग्न करून इथे घेऊन आले, त्यांना बोलायला कुणी मिळेना, म्हणून दुपारी आपल्या दोघांना पाटीवर बसवायच्या. एक ओळ नीट वाचली की एक मुरुक्कू, काकू त्याला चकली म्हणायच्या. तू भराभरा वाचायचास, मुरुक्क्यासाठी. मी तुझी अक्का, तुझ्याहून चार वर्षांनी मोठी, तरी मागे पडायचे. तेव्हापासून तुझी ऐट.

आपलं त्यावरून भांडण किती वर्षं चाललं? मी म्हणायचे, तमिळ अक्षरांत लिही, नाहीतर इंग्रजीत लिही, पोरांना वाचता तरी येईल. तू म्हणायचास, "अक्का, 'भ' आणि 'झ' त्या अक्षरांत कोंबायचे तर आजीचं बोलणं आजीचं राहणार नाही." मी म्हणायचे, कोण वाचणार आहे? तू म्हणायचास, "तू." आणि कॉफीची पितळी वाटी, तो डबरा, उचलून चालू लागायचास. हे काय उत्तर झालं? मी एकटी वाचणार म्हणून त्रेचाळीस म्हातारी माणसं लिहून काढायची? नाकानं कांदे सोलायची तुझी सवय मला कधीच आवडली नाही. आज शोकसभेचा दुसरा दिवस आहे म्हणून आवडायला लागेल असं समजू नकोस.

आता तुझा धंदा. लोकांच्या साइट्स साफ करायचास. कुणाचं कापडाचं दुकान, कुणाची शाळा, कुणाचा लग्नाचा मंडप. साइट उघडली की भलतंच काहीतरी दिसायला लागायचं, आणि मग ह्या लोकांना तू आठवायचास. येऊन म्हणायचे, "काही नाही, एक फाइल घुसलीय, तेवढी काढून टाक, दहा मिनिटांचं काम." तू त्यांच्याकडे असं बघायचास की मला त्यांची कीव यायची. "चोर घरात शिरून दागिने घेऊन गेला," तू म्हणायचास, "आणि तुम्ही मला म्हणताय, त्याच्या पायाचा पायपुसण्यावरचा ठसा पुसून द्या."

तू कधीच आधी पुसायचा नाहीस. ते तुझं सगळ्यात वेड लावणारं. आधी सगळ्याची जशीच्या तशी प्रत काढायची. मग ती वाईट फाइल कुठल्या दिवशी, कुठल्या मिनिटाला आली ते बघायचं, आणि त्याच मिनिटाला आणखी काय काय बदललं ते शोधायचं. कारण जो येतो तो एकच दार उघडं ठेवून जात नाही. एक पुढे दिसेल असं ठेवतो, तुम्ही पुसावं म्हणून, आणि दुसरं तुमच्या फोटोंत, तिसरं अशा ठिकाणी जिथून तो पुसलेलं परत लिहू शकतो. "ज्याला घाई आहे," तू म्हणायचास, "त्यानं येऊ नये. चोराला घाई नसते." सगळ्यात शेवटी पुसायचं. आणि पुसून झालं की सगळे पासवर्ड बदलायचे, आणि जे कुणी आता येत नाहीत त्यांची लॉगिनं काढायची. ह्या शेवटच्या गोष्टीवरूनच तर सगळं झालं.

आपले जुने प्रेसिडेंट वारले तेव्हा तू दुसऱ्याच दिवशी म्हणालास की त्यांचं लॉगिन काढतो. कमिटीत आग लागली. "तेरावा झाला नाही आणि त्यांचं नाव पुसतोस?" भीमराव तर उभे राहून थरथरायला लागले. थोरांचं नाव खोडायचं नसतं, भिंतीवरचं असो की मशीनमधलं. मग ठराव झाला, ते लॉगिन मान म्हणून तसंच राहू द्यावं. पासवर्ड काय होता? त्यांच्या बंगल्याचं नाव आणि जन्मसाल. बंगल्याचं नाव फाटकावर संगमरवरात कोरलेलं आहे, आणि जन्मसाल त्यांच्या पंचाहत्तरीच्या बातमीत त्याच साइटवर आपणच टाकलेलं. हॅकरला बिचाऱ्याला कष्ट पडले नाहीत. तू तेव्हा मला म्हणालास, "अक्का, ह्यांना मेलेल्या माणसाचा मान कळतो, पण तो मेलाय हे कळत नाही." मी हसले होते. काल मला ते आठवलं आणि हसू आलं नाही.

मग तो वार्षिक मेळावा. तू बेंगळुरूला लेकीकडे होतास, म्हणून तो तमाशा तुझा चुकला. भीमरावांनी आपल्या फोनवरून साइट पडद्यावर लावली. सगळे वडीलधारे पहिल्या रांगेत, समोर फळं, नारळ, विडे. आणि पडद्यावर गोत्रावळीऐवजी एक बाई आली, अंगावर कपडे कमी आणि हातात पत्ते जास्त, आणि खाली तमिळमध्ये, या, खेळा, जिंका. कम्प्यूटरवरून उघडलं की साइट शहाण्यासारखी दिसायची, फोनवरून उघडलं की जुगार. भीमराव म्हणाले, "जाहिरात आहे, आपोआप जाईल." सगळ्यांनी आपापला फोन काढून बघितला. अख्खा समाज आ वासून पत्त्यांच्या बाईकडे. पहिल्या रांगेतल्या एकानं मात्र मान खाली घालून बराच वेळ बघितलं, कोण ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमरावांचा मला फोन. तू उचलत नाहीस, तुझी लेक अ‍ॅडमिट आहे, बाळंतपण. आणि मी कोण, तर निवृत्त गणिताची शिक्षिका, शाळेत शेवटची काही वर्षं कम्प्यूटरही शिकवलेली. म्हणून मी तज्ज्ञ. मी मिक्सरमध्ये इडलीचं पीठ फिरवत होते. भीमराव विचारत होते, "अक्का, मी आत शिरलोय, सगळ्या फाइली दिसतायत. काय काढू?" मला तो आवाज डोक्यात जात होता, मिक्सर जास्त की भीमराव जास्त ते कळेना. मी म्हणाले,

"ओळखीचं वाटत नाही ते काढून टाका."

एवढंच. सहा शब्द. वर "सेरि, सेरि," बरं बरं, म्हणून फोन ठेवला आणि पीठ बघायला गेले.

आता तूच सांग, भीमरावांना काय ओळखीचं वाटणार? त्यांनी यादी वरून खालपर्यंत वाचली. इंग्रजी अक्षरांतली नावं म्हणजे व्यवस्थित, कंपनीची, सरकारी कामासारखी. त्या हरामखोर फाइलीचंही नाव असंच इंग्रजीत, साळसूद, फोटोंच्या फोल्डरमध्ये फोटोंच्या शेजारी बसलेली. ती त्यांनी आदरानं राहू दिली. आणि मधेच त्यांना दिसली ती विचित्र, वाकडी, वर रेघ मारलेली अक्षरं. त्रेचाळीस फाइली. त्यांना वाटलं हीच घाण. हॅकरनं कुठल्यातरी भाषेत लिहून ठेवलेली. जन्मभर ज्या भाषेत बायकोशी भांडले, तीच त्यांना परक्या देशाची वाटली. त्यांनी एकेक निवडून पुसली, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस, नातीला बाजूला बसवून. मग साइटच्या पहिल्या पानावर चढवलेली एक जुगाराची ओळ दिसली, तीही काढली, आणि साइट दोन दिवस चांगली चालली. भीमरावांनी ग्रुपवर लिहिलं, "व्हायरस क्लियर." खाली हात जोडलेली चित्रं, एकवीस.

तिसऱ्या दिवशी पत्त्यांची बाई परत आली. पण भीमराव गप्प. कारण ज्यानं 'क्लियर' म्हटलंय त्यानं परत बोंब कशी मारायची? दहा दिवस गप्प राहिले. ज्यांच्या मशीनवर साइट ठेवलीय ते होस्टवाले जुनी प्रत सातच दिवस ठेवतात. दहाव्या दिवशी तू लेकीला आणि बाळाला घेऊन आलास.

तू माझ्या डायनिंग टेबलावर बसून ते काम केलंस, आठवतं? तुझ्या घरी बाळंतीण, इथे शांतता. तीन दुपारी. तू मला शेजारी बसवून सगळं दाखवत होतास, मला वाटलं एकटं कंटाळा येतो म्हणून. आता कळतं, शिकवत होतास. ती फोटोंमधली फाइल तूच मला शोधायला लावलीस. "फोटोंच्या फोल्डरमध्ये फोटो नसलेलं काय आहे ते बघ." मी शोधली. तू उघडलीस तर आत एक लांबच्या लांब ओळ, अक्षरांचा नुसता कचरा, आणि त्या कचऱ्याच्या पोटात एकच मतलब, बाहेरून कुणी जे सांगेल ते मी करीन. मला किळस आली. तू म्हणालास, "किळस कशाला? ही निदान प्रामाणिक आहे. जे सांगतील तेच करते. भीमरावांपेक्षा बरी." मी खूप हसले. तू नाही हसलास. तू तोपर्यंत दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला होतास आणि तो रिकामा होता.

रघू, मला वाटलं होतं तू टेबल उलथशील. भीमरावांच्या घरी जाऊन राडा करशील. तू फक्त म्हणालास, "पाणी दे." पाणी प्यायलास. मग म्हणालास की रेकॉर्डिंगं दुसरीकडे ठेवलीयत, ती आहेत. लिहिलेलं गेलं.

आणि इथे मला तुझाही राग सांगू दे, कारण काल कुणी सांगितला नाही. सगळ्या जगाला प्रत ठेवा, प्रत ठेवा म्हणून डोकं पिकवणारा तू. कापडवाल्याला झापायचास, शाळेवाल्यांना झापायचास. आणि स्वतःचं नऊ वर्षांचं लिहिलेलं थेट साइटवर टाइप करायचास, घरी एक कागद नाही, एक पेनड्राइव्ह नाही. कसला रे शहाणा तू! लोकांचा तू डॉक्टर, स्वतःचं बीपी तरी मोजलंस कधी? त्याबद्दलही इथे बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण तोंडातून निघतंच.

आता खरी गोष्ट. जी मी तुला सांगितली नाही.

तू पाणी पिऊन ग्लास खाली ठेवलास, तेव्हा मी काय म्हटलं? मी म्हटलं नाही की भीमरावांना तसं मीच सांगितलं होतं. मी म्हटलं, "बघ. तमिळ अक्षरांत लिहिलं असतंस तर त्यांना वाचता आलं असतं. त्यांनी पुसलं नसतं. मी केव्हापासून सांगत होते." असं म्हटलं मी. चेहरा सरळ ठेवून. तुझं सगळं गेलेलं समोर, आणि मी आपलं जुनं भांडण जिंकायला निघाले. माझा गुन्हा होता तो मी तुझ्या लिपीच्या गळ्यात बांधला. भीमराव अडाणी आहेत, पण त्यांनी हे केलं नाही. हे करायला थोडी अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे होती.

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "पोदुम, अक्का." पुरे. आणि लॅपटॉप बंद केलास.

पुढच्या आठवड्यापासून तू परत लिहायला बसलास. पहिल्यापासून. कानाला हेडफोन, आजीबाई बोलतायत, तू थांबवतोस, चार शब्द लिहितोस, मागे नेतोस, परत ऐकतोस. देवनागरीतच. माझा टोमणा ऐकूनही देवनागरीतच. ह्या वेळेला मात्र दर फाइलीची एक प्रत मला पाठवायचास, काही न लिहिता. रेकॉर्डिंगंही सगळी साइटवर चढवलीस, आणि साइटचं दुसरं अ‍ॅडमिन लॉगिन मला काढून दिलंस. मी म्हटलं, मला कशाला? तू म्हणालास, "एक माणूस कमी पडला तर." मी म्हटलं, कोण कमी पडतंय? तू म्हणालास, "भीमराव थोडेच कमी पडणार आहेत." एकोणीस झाल्या. चोवीस राहिल्या. त्यानंतर तुझी फाइल आली नाही, तुझ्या लेकीचा फोन आला.

आज सकाळी मी साइट उघडली. भीमरावांनी रात्रीच ते फुलं पाडणारं फुकटचं चढवून ठेवलं होतं. मी तू शिकवलंस तसं केलं. आधी प्रत काढली. मग त्याच्या आत काय काय आहे ते बघितलं. फुलांच्या चित्रांच्या फोल्डरमध्ये एक फाइल होती, चित्र नसलेली. एक लांबच्या लांब ओळ. म्हणजे तुझ्या श्रद्धांजलीच्या पानातूनच ते चोर परत आत येणार होते, आणि आल्यावर त्यांना तुझं अ‍ॅडमिन लॉगिन मानानं राखून ठेवलेलं मिळणार होतं. तुझा पासवर्ड अवघड आहे, मला माहीत आहे, पण आत बसलेल्याला पासवर्ड कशाला लागतो? त्याच मिनिटाला आणखी काय बदललंय ते शोधलं, दोन ठिकाणी सापडलं. सगळं काढलं. भीमरावांचं लॉगिनही बंद केलं, ठराव न करता. पासवर्ड बदलले. दुपार झाली.

मग यादीत तुझं नाव उरलं. मी भीमरावांना फोन लावला. आधी त्यांना फुलांचं सांगितलं, ते त्यांना कळलं नाही. मग म्हटलं, "मी रघूचं लॉगिन काढतेय."

"अय्यो! अक्का! ठराव झालाय. इतक्या थोर माणसाचं नाव पुसायचं?"

"भीमराव," मी म्हटलं, "त्या वेळी काय पुसायचं ते मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्या फाइली माझ्या सांगण्यानं गेल्या. आज जे पुसतेय ते बरोबर आहे. आणि हे मी पुढच्या मीटिंगला सगळ्यांसमोर सांगणार आहे."

मग ते म्हणाले, "ते कशाला सांगायचं, अक्का? रघूला ठाऊक होतं. तो बेंगळुरूहून आला त्याच दिवशी स्टेशनवरून लेकीला घरी सोडून सरळ माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, अक्कांनी सांगितलं म्हणून काढलं. मी काय खोटं बोलणार? तर तो म्हणाला, मला कळलंय हे अक्काला सांगू नका. तिला वाईट वाटेल."

मी फोन ठेवला. भीमरावांना मी इतकी वर्षं मूर्ख समजत आले. ते आहेतच. पण माझ्यासाठी त्यांनी एक गोष्ट पोटात ठेवली, आणि मला त्यांच्यासाठी एक मिनिट मिक्सर बंद करता आला नव्हता.

म्हणजे तू माझ्या टेबलावर बसलास तेव्हा तुला सगळं माहीत होतं. रिकामा फोल्डर तुला आधीच माहीत होता. पाणी मागितलंस ते मला बोलायला वेळ मिळावा म्हणून होतं का रे? तू वाट बघत होतास, आणि मी काय बोलले ते आठव. नाही, नको आठवूस. पोदुम. आणि तरी तू पुढची तीन वर्षं दर फाइल मलाच पाठवलीस. इतकं मोठं मन कशाला ठेवायचं माणसानं? एकदा तरी शिवी द्यायची होतीस. मी उलटून बोलले असते, भांडलो असतो, मोकळी झाले असते. आता मी हे कुणाला सांगू? देवनागरीत लिहितेय, म्हणजे तुलाच. दुसऱ्या कुणाला हे इथे वाचता येणार नाही.

मी तुझ्या नावासमोरचं बटण दाबलं. ते यंत्र लगेच पुसत नाही, तुझ्यासारखंच आहे. आधी विचारतं. ह्या माणसाच्या नावावर जे जे आहे त्याचं काय करायचं? सगळं पुसायचं, की दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचं? खाली एक यादी येते, उरलेल्या माणसांची. यादीत एकच नाव होतं.

मी ते निवडलं. एकोणीस लिहिलेल्या आणि चोवीस न लिहिलेल्या, सगळ्या माझ्या नावावर आल्या. तुझं नाव गेलं. एका सेकंदात गेलं, काही आवाजही झाला नाही.

मग मी हेडफोन लावले आणि विसावी उघडली. तिरुवैयारुच्या आजी. लग्न होऊन आल्या तो पहिला दिवस सांगतायत. सासूनं सांगितलं की घरात आपलं बोल, अंगणात तमिळ, आणि दोन्हीकडे कमी बोल. सगळी जेवून झाली, डांगर पच्चडी संपली, भांडी घासून झाली, आणि मग लक्षात आलं की मज कोणी जेवलीस का म्हणून विचारलंच नाही. तेवढं बोलून आजी थांबतात. मागे कुणीतरी नळ सोडतं. बराच वेळ नुसता नळ. मला वाटलं संपलं.

आणि मग तू. अगदी जवळून, फोनच्या शेजारून, हळू आवाजात.

"मग?"

मी टाइप केलं. रघू, दोन टिंबं, मग, प्रश्नचिन्ह. देवनागरीत.